दोष कोणाचा? — स्वमग्न मुलें आणि त्यांच्या माता

आपल्या घरीं मूल जन्मास आलें म्हणजे बारशापूर्वींच त्याचें नाक कोणाच्या वळणावर गेलें, रंग कोणाचा, कपाळ कोणत्या आजोबांचें, याचा निवाडा होऊन जातो. चांगल्या गोष्टींचा वारसा सांगण्यास दोन्हीं कुळें सारखींच पुढें सरसावतात. पुढें तें मूल बुद्धिमान निघालें तर तें आमच्या घराण्याचें तेज, हट्टी निघालें तर तें आजोळचें वळण. हा विनोद घरोघर चालतो व त्यांत कोणास दुःख होत नाहीं. परंतु मूल जर इतर मुलांसारखें वाढलें नाहीं, बोलावयाच्या वयांत बोललें नाहीं, हांकेस ओ देईना, तर याच विनोदाचें रूपांतर चौकशींत होतें. आणि ती चौकशी बहुधा एकाच व्यक्तीची होते. ती व्यक्ति म्हणजे त्या मुलाची आई.

अशी एक चौकशी आमच्या घरांत झाली, आणि तींत प्रश्न विचारणारांपैकीं आम्ही स्वतः एक होतों. ज्यानें सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं त्यानें असें करावें, याची लाज वाटते. ती लाज झांकून ठेवण्यापेक्षां तिच्यापासून इतर घरांस कांहीं उपयोग व्हावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचा नातू २०२० सालच्या एप्रिलअखेर, टाळेबंदीच्या ऐन भरांत जन्मला. बारशास घरचीं आठ माणसें तेवढीं होतीं. मूल निरोगी, वजनानें चांगलें, पाहणाराचें मन वेधून घेणारें. सव्वा वर्षाचा होईतों तो ‘आई’, ‘दूध’, ‘काऊ’ असे चारदोन शब्द बोलूं लागला होता. पुढें ते शब्द एकेक करून मावळले. हांक मारली तर वळून पाहीना; चंद्र दाखवावा तर बोटाकडेही पाहीना आणि चंद्राकडेही पाहीना. वाटीचें झांकण फरशीवर भिंगरीसारखें फिरवावें व तें थांबेपर्यंत टक लावून पाहावें, हा त्याचा तासन् तास चालणारा खेळ. मिक्सर सुरू झाला कीं कान झांकून ओरडे. तहान लागली तर मागत नसे. जो कोणी जवळ असेल त्याचें मनगट धरून त्यास माठापाशीं नेई व त्याचा हात माठावर ठेवी. जणूं तो हात माणसाचा नव्हे, तें एक ओगराळेंच आहे.

टाळेबंदींत त्यानें परकीं माणसें पाहिलीं नाहींत म्हणून असें झालें, असें आम्ही दोन वर्षें म्हणत राहिलों. तिसऱ्या वर्षीं मात्र एक नवल घडलें. सायंकाळीं आम्ही रामरक्षा म्हणतों; ती त्यानें एके दिवशीं आरंभापासून शेवटपर्यंत, आमच्या स्वराच्या चढउतारांसह, जशीच्या तशी म्हटली. घरांत आनंदीआनंद झाला. पूर्वजन्मींचा हा कोणी वेदमूर्ति असला पाहिजे, असें आम्हीं शेजाऱ्यांस सांगितलें. २०२३ सालीं चिरंजीव त्यास पुण्यास बालविकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, तेव्हां आम्हीही बरोबर होतों. रामरक्षेची हकीकत आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितली. बाईंनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, “आजोबा, त्याला पाणी हवं असतं तेव्हां तो काय म्हणतो?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

बाईंनीं जें नांव सांगितलें तें ‘ऑटिझम’. ग्रीक भाषेंतील ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ या शब्दावरून स्वित्झर्लंडमधील मनोवैद्य ब्लॉयलर यांनीं हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभीं घडविला, आणि मराठींत त्यास ‘स्वमग्नता’ असें म्हणतात. शब्द व्याकरणशुद्ध आहे. परंतु त्यावरून, मूल सुखानें स्वतःंत बुडून गेलें आहे व त्यास आपली गरज नाहीं, असा ग्रह होतो. तो खरा नाहीं. आपल्याला सहज उमगणारीं डोळ्यांचीं, बोटांचीं, चेहऱ्याचीं खुणापत्रें त्याला वाचतां येत नाहींत, आणि आपण त्याचीं वाचत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक माणूस अशा घडणीचा असतो. म्हणजे आम्हीं सदतीस वर्षांत जे वर्ग शिकविले, त्यांतून अशीं मुलें आमच्या पुढें बसून गेलीं असलीं पाहिजेत. त्यांस आम्हीं काय म्हटलें असेल, याचा विचार रात्रीं मनांत येतो.

घरांतील चौकशी

पुण्याहून परत आल्यावर पहिले चार दिवस घर गप्प होतें. मग प्रश्न सुरू झाले. उघड कोणी विचारीत नसे. भाजी निवडतांना, देवाचीं फुलें गुंफतांना, ओघानें आल्यासारखे विचारले जात. पपई खाल्ली होती का? सातवा महिना लागेपर्यंत कचेरींतील संगणकापुढें बसण्याची काय गरज होती? साथीच्या बातम्या ऐकून मनानें धास्ती घेतली असेल का? माहेरचे एक मामा अडखळत बोलतात, तें लग्नापूर्वीं कां सांगितलें नाहीं? आमची सून प्रत्येक प्रश्नाचें उत्तर देई आणि उत्तरागणिक थोडी अधिक वाळे.

शेवटचा प्रश्न आमचा होता. २६ डिसेंबर २०१९ रोजीं, मार्गशीर्ष अमावास्येस, सूर्यग्रहण होतें. सकाळीं आठच्या सुमारास स्पर्श, अकराच्या सुमारास मोक्ष. सून तेव्हां पांच महिन्यांची गर्भार होती. तिला अंधाऱ्या खोलींत निजवून ठेवण्याची आज्ञा आमचीच, आणि तिनें ती निमूटपणें पाळली होती. असें असतां साडेतीन वर्षांनीं आम्हीं तिला विचारलें, “त्या दिवशीं तूं चुकून कांहीं चिरलं-कापलं नव्हतंस ना?” ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “नाहीं बाबा, सुरी हातांत धरली नव्हती. पण धरली असती, तर मग बाळ तुमचा नसता का?”

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. पहांटे एक साधी गोष्ट सुचली, जी त्रैराशिक शिकविणाऱ्या शिक्षकास पूर्वींच सुचावयास हवी होती. त्या सकाळीं या देशांत लाखो स्त्रिया गर्भवती होत्या. त्यांतील कित्येकींनीं ग्रहण असल्याचें ध्यानींही न घेतां भाकरी थापली असेल, भाजी चिरली असेल, शेतांत विळा चालविला असेल. त्यांचीं मुलें आज शाळेंत जात आहेत. जिनें सर्व नियम पाळले, तिच्याच पुढें आम्ही उत्तर मागण्यास उभे होतों.

अंबिकेचा दोष

आमचें संस्कृत वडिलांपाशीं झालें, म्हणून उत्तरें शोधण्यास आम्ही प्रथम त्याच कपाटाकडे वळलों. तेथें जें दिसलें तें आतां निराळ्या दृष्टीनें दिसलें. महाभारताच्या आदिपर्वांत धृतराष्ट्र जन्मांध कां झाला याचें कारण दिलें आहे: व्यासांचें उग्र रूप पाहून अंबिकेनें डोळे मिटले म्हणून. अंबालिका भयानें पांढरीफटक पडली, म्हणून पांडु पांडुरवर्ण झाला. परंतु याच कथेंत असेंही सांगितलें आहे कीं, राण्यांनीं एक वर्ष व्रतस्थ राहावें असें व्यासांनीं सुचविलें होतें, आणि राज्यास राजा नाहीं म्हणून सत्यवतीनें थांबण्यास नकार दिला. कोण येणार हें अंबिकेस नीट माहीतही नव्हतें. घाई वडील माणसांची, रूप व्यासांचें, आणि पिढ्यान्‌पिढ्या दोष मात्र अंबिकेच्या मिटलेल्या पापण्यांचा.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीचे डोहाळे पुरविले नाहींत तर मूल कुबडें, लंगडें, जड किंवा विकृत नेत्रांचें होतें, असें म्हटलें आहे. या वचनाचा रोख वस्तुतः घरच्या माणसांकडे आहे: गर्भिणीची इच्छा मोडूं नका, तिला सुखांत ठेवा. आम्हीं त्याचा उपयोग उलटा केला, तिलाच विचारलें कीं तुझी कोणती इच्छा अपुरी राहिली होती. वनपर्वांतील अष्टावक्राची कथा तर याहूनही बोलकी आहे. गर्भांतून त्यानें बापाच्या पठणांतील चूक दाखविली, आणि बापानें रागावून त्यास आठ ठिकाणीं वांकडा होण्याचा शाप दिला. तेथें कारण बापाचा क्रोध. ही कथा आपण मुलाच्या विद्वत्तेसाठीं सांगतों. कहोडास जाब विचारलेला आम्हीं तरी कोणत्याही कीर्तनांत ऐकला नाहीं.

आमच्या देशांतच असें होतें आणि सुधारलेल्या देशांत होत नाहीं, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, तेथपासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला असें सामान्यतः मानितात. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी प्रांतांतील फॉरेस्ट या लहान गांवचा, डोनल्ड ट्रिप्लेट. हा दोन वर्षांचा असतांना बायबलांतील तेविसावें स्तोत्र तोंडपाठ म्हणे, आणि धर्मपाठांतील पंचवीस प्रश्नोत्तरेंही. तें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें रामरक्षा म्हणणारा आमचा नातू उभा राहिला. सात समुद्रांपलीकडच्या त्या घरांतही आजीआजोबांनीं असाच अभिमान मिरविला असेल!

कॅनर यांनीं आरंभीं ही घडण जन्मजात आहे असें लिहिलें. पण त्याचबरोबर या मुलांचे आईबाप बुद्धिमान, पण मायेचे थोडे कोरडे असतात, असा शेराही मारला. पुढें १९४९ सालीं त्यांनीं अशा घरास शीतकपाटाची उपमा दिली. ती उपमा शास्त्राहून वेगानें पसरली. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत आईच्या नाकारण्यामुळेंच मूल आपल्या कोशांत शिरतें, हा सिद्धांत मोठ्या लोकप्रिय रीतीनें मांडला. सुमारें वीस वर्षें त्या देशांत हजारों माता “आपण मुलावर पुरेसें प्रेम केलें नाहीं” या कल्पनेनें झुरत राहिल्या. आमच्याकडे ग्रहण, त्यांच्याकडे शीतकपाट. साक्षीदारांच्या पिंजऱ्यांत उभी मात्र तीच.

हें तट प्रथम फोडलें तें एका बापानें. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलाच्या चाकरींतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता, आणि आपली पत्नी मायाळू आहे हें ते रोज डोळ्यांनीं पाहत होते. त्यांनीं उपलब्ध असलेलें सर्व लिखाण वाचून काढलें व १९६४ सालीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें कीं, या स्थितीचें मूळ शरीरांत, मेंदूच्या घडणींत आहे, आईच्या स्वभावांत नाहीं. त्या ग्रंथास प्रस्तावना कॅनर यांनींच लिहिली. १९६९ सालीं वॉशिंग्टन येथें अशा मुलांच्या पालकांची सभा भरली असतां कॅनर यांनीं पालकांस उघडपणें दोषमुक्त केलें. आपल्या उपमेनें झालेली जखम वैद्यानें स्वतः उभें राहून धुवावी, हें मोठेपण आहे. घरांतील वडील माणसांस हें अवघड कां जावें?

बीज आणि क्षेत्र

मग कारण काय? माणसाचें मन कारणावांचून स्वस्थ बसत नाहीं, आणि तें बसूंही नये. शास्त्रानें जें निश्चित केलें आहे तें थोडक्यांत असें.

१९७७ सालीं लंडन येथील सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडींत निदान एक मूल तरी स्वमग्न होतें. एकाच अंड्यापासून झालेल्या हुबेहूब जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकीं चार जोड्यांत दोन्हीं मुलें स्वमग्न निघालीं. निरनिराळ्या अंड्यांपासून झालेल्या दहा जोड्यांत तसें एकही उदाहरण नव्हतें. आईचें पोट एक, आहार एक, भीति एक, ग्रहण एक. फरक फक्त बीजाच्या समानतेंत. या लहानशा पाहणीनें आनुवंशिकतेचा दरवाजा उघडला. २०१९ सालीं डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत माणसांमाणसांतील या फरकाचा सुमारें ऐशीं टक्के भाग आनुवंशिक असल्याचें दिसून आलें. त्याच हिशेबांत, बीजाखेरीज केवळ मातेच्या शरीरामुळें होणारा असा जो परिणाम, तोही वेगळा मोजला होता. तो जवळजवळ शून्य निघाला. हें वाक्य प्रत्येक सासूसासऱ्यांनीं दोनदां वाचावें.

मनूनें नवव्या अध्यायांत स्त्रीस क्षेत्र व पुरुषास बीज म्हटलें आणि दोहोंत बीज श्रेष्ठ ठरविलें. आम्ही पुरुष हें वचन आनंदानें मान्य करितों. परंतु पीक निराळें आलें कीं बियाणें बाजूस ठेवून जमीन खणावयास निघतों! आजचें शास्त्र याहून न्यायी आहे. मूल होण्यास आईकडून तेवीस व बापाकडून तेवीस गुणसूत्रें येतात. त्यांवर जीं सहस्रावधि जनुकें आहेत, त्यांपैकीं शेंकडों जनुकांचा या घडणीशीं थोडाथोडा संबंध असल्याचें आढळलें आहे. एकेकाचा परिणाम अल्प. अनेकांचा मेळ एका मुलांत जमून येतो, तेव्हां तें मूल वेगळें होतें. कांहीं मुलांत असा एखादा बदल सांपडतो, जो आईंतही नसतो आणि बापांतही नसतो. बीज तयार होतांना तो नव्यानें घडलेला असतो. आइसलंडमध्यें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, बापाचें वय एकेका वर्षानें वाढावें तसे असे सुमारें दोन नवे बदल मुलांत अधिक येतात, असें दिसलें. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. आमच्या चिरंजीवांचें लग्न उशिरां झालें, मूल झालें तेव्हां ते छत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या वयाविषयीं मात्र घरांत एकानेंही चकार शब्द काढला नव्हता. आतां तो काढावा असें आमचें म्हणणें नाहीं. चौकशी एकाच बाजूची होती, एवढेंच दाखवावयाचें आहे.

आणि आतां जें सांगावयाचें तें सांगतों. सुनेच्या मामांचें अडखळणें आम्हांस आठवलें. पण आमचे धाकटे काका आठवले नाहींत. त्यांस पंचांग मुखोद्गत होतें. कोणत्या सालीं कोणत्या वारीं कोणती तिथि, हें विचारतांक्षणीं सांगत. लग्न केलें नाहीं. जेवणास एकच ताट, एकच पाट, एकच भिंत. पाहुणे आले व पाट हलला तर उपाशी उठत. सकाळ-संध्याकाळ माजघर ते विहीर अशा ठराविक फेऱ्या मोजून घालीत. कोणाच्या डोळ्यांस डोळा देऊन बोलल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आम्ही त्यांस ‘विक्षिप्त’ म्हणत असूं, आणि मुलें त्यांची नक्कल करीत. ते १९८१ सालीं वारले. त्यांस कोणी तपासलें नाहीं, म्हणून आज निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तथापि आमच्या नातवास वाटीचें झांकण फिरवितांना पाहिलें म्हणजे त्या फेऱ्यांचा पायरव कानीं येतो. खुद्द आम्हीं शाळेंत असतांना खडू लांबीप्रमाणें लावून ठेवीत असूं व कोणी ते विसकटले तर तास नीट घेतां येत नसे. चरकानें गर्भ हा मातेपासून, पित्यापासून, आत्म्यापासून, सात्म्यापासून, रसापासून व सत्त्वापासून अशा सहा भावांच्या समुदायानें होतो असें म्हटलें आहे. मूल हें समुदायाचें आहे, मग त्याचें वेगळेपणही समुदायाचें.

काकतालीय न्याय

गर्भारपणांत कांहींच महत्त्वाचें नाहीं, असा याचा अर्थ मात्र नव्हे. गर्भिणीस रुबेला म्हणजे जर्मन गोंवर झाला तर मुलाच्या कानांस, डोळ्यांस, हृदयास व मेंदूस अपाय होतो. अमेरिकेंतील १९६४ सालच्या साथीनंतर अशा मुलांत स्वमग्नतेचें प्रमाण पुष्कळच जास्त आढळलें. म्हणून मुलींस ही लस लग्नापूर्वींच मिळालेली असावी. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट या औषधानें धोका वाढतो, हें डेन्मार्कमधील २०१३ सालच्या अभ्यासानें दाखविलें. ज्या मुलीस तें चालू आहे, तिनें आपल्या मनानें तें बंद करूं नये, झटका आईच्या जिवावर बेतूं शकतो. गर्भधारणेपूर्वींच डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध बदलून घ्यावें. फार अपुऱ्या दिवसांच्या मुलांतही प्रमाण अधिक दिसतें. या गोष्टी वैद्याच्या हातच्या आहेत, आणि त्यांत सुरी, पपई किंवा अमावास्या कोठेंही नाहीं.

संस्कृतांत एक न्याय आहे, काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसावयास व ताडफळ पडावयास एक गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. आपल्याकडे गोंवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर व पुन्हां दीड वर्षाच्या सुमारास देतात, आणि मूल वेगळें आहे हें आईबापांच्या लक्षांत येऊं लागतें तेंही याच सुमारास. १९९८ सालीं ब्रिटनमधील वेकफील्ड नांवाच्या डॉक्टरांनीं अवघ्या बारा मुलांवरून लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविला. तो निबंध ज्या नियतकालिकानें छापला त्यानेंच २०१० सालीं मागें घेतला, व त्याच वर्षीं त्या डॉक्टरांचें नांव वैद्यकाच्या नोंदींतून कमी करण्यांत आलें. डेन्मार्कमध्यें साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा हिशेब २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाहीं. बापाच्या तळमळीनें सत्य शोधणारे रिमलंडही उतारवयांत लशीच्या संशयास बळी पडले, हें लिहितांना वाईट वाटतें. परंतु कारणाची तहान किती अनावर असते, हें त्यावरून समजतें. सप्टेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं तापावरच्या पॅरासिटॅमॉल गोळीकडे बोट दाखविलें. स्वीडनमध्यें सुमारें पंचवीस लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ सालीं असें आढळलें होतें कीं, एकाच आईचीं भावंडें परस्परांशीं ताडून पाहिलीं म्हणजे या गोळीचा संबंध उरत नाहीं. त्या बातमीच्या दुसऱ्याच दिवशीं आमच्या घरीं कोणीतरी सुनेस विचारलें, “तूं ती गोळी घेतली होतीस का ग?” या वेळीं उत्तर देण्यास आम्ही पुढें झालों.

दोन अवघड प्रश्न

आनुवंशिकता मान्य केली म्हणजे सर्व प्रश्न सुटतात असें नाहीं. दोन नवे उभे राहतात. पहिला चिरंजीव व सून यांच्यापुढें आहे. अशा मुलाच्या पाठच्या भावंडास ही स्थिति असण्याचा संभव सुमारें पांचांत एक इतका असतो. घरांतील कांहींजण म्हणतात, दुसरें मूल होऊं द्या, म्हणजे याला आधार होईल. कांहीं म्हणतात, नकोच. आमचें मत विचारलें तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, आमच्यापाशीं मत नाहीं. पांचांत एक म्हणजे पांचांत चार नव्हे, हें जितकें खरें, तितकेंच तो एक म्हणजे जन्मभराचें उत्तरदायित्व, हेंही खरें. हा निर्णय त्या दोघांनीं जनुकतज्ज्ञांस विचारून करावा. आपण दाराबाहेर राहावें.

दुसरा प्रश्न धाकट्या बंधूंच्या कन्येच्या विवाहाचा. गेल्या मार्गशीर्षांत मुलाकडचीं मंडळी येणार होती. बाळास व त्याच्या आईस चार दिवस पुण्यास पाठवावें, अशी सूचना निघाली, आणि ती दुष्टपणानें निघालेली नव्हती. छत्तीस गुण जुळतात कीं नाहीं हें पाहतांना या सदतिसाव्या गोष्टीची वाच्यता कशास, असा साधा व्यवहार. कन्येनेंच तें मोडून काढलें. ती म्हणाली, “तो नसेल तर मीही बैठकींत येणार नाहीं.” बाळ बैठकींत आला, पाहुण्यांकडे न पाहतां आपलें झांकण फिरवीत बसला, आणि पोह्यांच्या बशा येतांच कान झांकून उठून गेला. आठ दिवसांनीं पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका त्यांनीं स्वतःच पूर्वीं जुळविली होती. कन्येस वाईट वाटलें नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु लपवून जुळविलेल्या संबंधांत पुढें एखाद्या सुनेस अंबिका व्हावें लागतें; तें व्हावयाचें नसेल, तर खरें बोलण्याची किंमत कोणीतरी आधीं दिली पाहिजे.

घरानें काय करावें

दीड वर्षाचें मूल हांकेस वळत नसेल, हवी ती वस्तु बोटानें दाखवीत नसेल, आलेले शब्द गमावीत असेल, तर “मुलगे उशिरांच बोलतात” असें म्हणून थांबूं नये. आमचीं दोन वर्षें याच वाक्यानें गेलीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रें आहेत. तेथें किंवा बालविकासतज्ज्ञांकडे दाखवावें. वाचोपचार, व्यवसायोपचार आणि घरांतील नियमित सवय यांनीं पुष्कळ फरक पडतो. स्वमग्नता समूळ नाहींशी करणारें औषध नाहीं. मूलपेशींच्या नांवाखालीं लाखो रुपये घेणारांपासून दूर राहावें. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत व २०१६ सालच्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यांत कमीपणा मानूं नये.

एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें आहे. जें घर चौकशीस आठ तोंडें पुरवितें, त्यानें कामास आठ हात पुरवावेत. आमच्या घरीं आतां आठवड्यांतून तीन दिवस वाचोपचारास नेण्याचें काम बंधूंनीं घेतलें आहे. बाळ खोलींत असतांना मिक्सर लावावयाचा नाहीं, हा नियम आमच्या पत्नीनें केला आहे. आणि सून पुन्हां अर्धा दिवस कचेरींत जाऊं लागली आहे.

त्या डोनल्ड ट्रिप्लेटची पुढील हकीकत सांगण्याजोगी आहे. वैद्यांच्या सांगण्यावरून आईबापांनीं त्यास चौथ्या वर्षीं एका संस्थेंत ठेवलें होतें. वर्षभरानें, वैद्यांचें न ऐकतां, ते त्यास घरीं घेऊन आले. तो गांवच्या शाळेंत गेला, पदवीधर झाला, गांवच्याच बँकेंत त्यानें नोकरी केली, एकट्यानें देशोदेशीं प्रवास केला, आणि २०२३ सालच्या जूनमध्यें, एकोणनव्वदाव्या वर्षीं, आपल्या गांवींच वारला. त्याच्या आजोळची बँक होती, तसें भाग्य सर्वांचें नसतें. पण गांवानें त्यास आपला मानलें, तें बँकेवर अवलंबून नव्हतें.

आमचा नातू पांच वर्षांचा होऊन गेला. रामरक्षा अद्याप म्हणतो. मागच्या उन्हाळ्यांत तो एकदां माठापाशीं उभा राहिला, आमचें मनगट धरलें, सोडलें, आणि “पाणी” म्हणाला. नंतर पंधरा दिवस तो शब्द पुन्हां आला नाहीं; मग आला. आम्ही त्याचा हिशेब ठेवीत नाहीं.

२ ऑगस्ट २०२७ रोजीं पुन्हां सूर्यग्रहण आहे, व तें आपल्या भागांत खंडग्रास दिसावयाचें आहे. आम्ही आमच्या वळणाप्रमाणें स्नान करूं, जप करूं. परंतु त्या दिवशीं घरांत कोणी गर्भिणी असली, तर तिला कोणत्या खोलींत निजावयाचें तें तिनें ठरवावें; आणि पुढें मूल कसेंही निपजलें तरी त्या दिवसाविषयीं तिला या घरांत कोणी कांहीं विचारणार नाहीं, एवढें आम्हीं सर्वांच्या देखत सांगून ठेविलें आहे.